चालता चालता बंद पडणारे इंजिन



ठाण्याहून घोडबंदर रस्त्याने निघालेली एखादी मोटार गायमुखच्या चढावर येते आणि मध्येच तिचे इंजिन बंद पडते. चालक दोनदा चावी फिरवतो, गाडी पुन्हा सुरू होते आणि घरापर्यंत काही तक्रार न करता जाते. दुसऱ्या दिवशी ती गॅरेजात नेली, तर मेकॅनिक तासभर फिरवून आणतो आणि म्हणतो, "साहेब, गाडीत काही फॉल्ट दिसत नाही." चार दिवसांनी कळव्याच्या पुलावर, ऐन गर्दीत, ती पुन्हा बंद. मागचे भोंगे वाजवतात, पुढचे वळून बघतात, आणि गाडीवाल्याच्या तोंडून एकच शब्द निघतो: "अचानक बंद पडली हो!"

आज मला या 'अचानक' शब्दाबद्दल बोलायचे आहे. इंजिन हे यंत्र आहे. त्याला लहर नसते, राग नसतो. ते बंद पडते तेव्हा त्याला हवी असलेली कुठली तरी एक वस्तू त्या क्षणी मिळालेली नसते. ती कधी मिळते आणि कधी मिळत नाही, एवढाच प्रश्न असतो. आपण 'अचानक' म्हणतो तेव्हा आपल्याला इतकेच म्हणायचे असते की, त्या वेळी आसपास काय चालले होते हे आपण पाहिलेले नाही. आणि जे पाहिले नाही ते मेकॅनिकला सांगता येत नाही. मग तो बिचारा अंदाजाने एकेक सामान बदलत जातो आणि पैसे आपल्या खिशातून जातात.

पेट्रोलच्या इंजिनाला तीन गोष्टी लागतात: इंधन, हवा आणि ठिणगी. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे पंधरा किलो हवा लागते. बारा व्होल्टच्या बॅटरीतून कॉइल हजारो व्होल्टचा दाब तयार करते, तेव्हा प्लगच्या टोकाशी ठिणगी उडते. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर एकेका सिलिंडरमध्ये हा जाळ सेकंदाला पंचवीस वेळा पेटतो. यांतले दोनचार चुकले तर आपल्याला नुसता झटका जाणवतो. सेकंदभर सगळेच चुकले की इंजिन संपले. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. तेथे हवा इतकी दाबली जाते की ती तापून लाल होण्याच्या बेताला येते, आणि तिच्यात उडवलेले डिझेल आपोआप पेटते. म्हणून जुन्या धाटणीचे डिझेल इंजिन चालता चालता बंद पडले, तर दहांतले नऊ वेळा डिझेलच्या वाटेकडेच बघायचे: फिल्टर तुंबला, पाणी आले, किंवा नळीने हवा धरली. मुरबाड-शहापूरकडे भर पावसात चिखलणी करणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यांना हे मी सांगायला नको. फिल्टरच्या तळाशी साठलेले पाणी सोडून देण्याची छोटी चावी कुठे असते, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असते.

आता पहिली खूण सांगतो. ती ओळखायला एकही हत्यार लागत नाही. आपल्या घरातला कंदील दोन रीतींनी विझतो. वारा लागला तर फट् करून विझतो. तेल संपत आले असेल तर आधी ज्योत बारीक होते, फडफडते, काजळी धरते आणि मग जाते. इंजिनही असेच दोन रीतींनी मरते. चांगले चाललेले इंजिन बटण दाबल्यासारखे एका क्षणात गप्प झाले, तर बहुतेक वेळा विजेचा दोष असतो: सैल झालेली तार, स्विच, रिले, सेन्सर. पण आधी गाडीने झटके मारले, पिकअप कमी झाला, पाय दाबला तरी ओढेना आणि मग ती बंद पडली, तर इंधनाकडे वळावे. ही खूण शंभर टक्के खरी नाही. पण गॅरेजात "बंद पडते" एवढेच सांगणे आणि "फट्कन बंद पडते, आधी झटका नाही" असे सांगणे, यांत मेकॅनिकचा अर्धा दिवस वाचतो.

दुसरी खूण म्हणजे वेळ आणि ऊन. काही गाड्या सकाळी शहाण्या असतात आणि दुपारी बिघडतात. अर्धा-पाऊण तास चालल्यावर बंद पडतात, वीस-पंचवीस मिनिटे सावलीत उभ्या राहिल्या की जणू काही झालेच नाही अशा सुरू होतात. आजच्या गाड्यांत याचा एक नेहमीचा गुन्हेगार आहे, त्याला क्रँक सेन्सर म्हणतात. इंजिनाच्या मुख्य दांड्यावर दातेरी चाक असते. हा सेन्सर त्याच्या जवळ बसून दाते मोजतो आणि ठिणगी कधी द्यायची, पेट्रोल कधी उडवायचे हे गाडीच्या कॉम्प्युटरला कळवतो. त्याच्या आतली बारीक तार किंवा जोड तापला की सुटतो, निवला की पुन्हा टेकतो. मोजणी थांबली की कॉम्प्युटरला वाटते इंजिन फिरतच नाही, आणि तो ठिणगी व पेट्रोल दोन्ही बंद करतो. अशा वेळी स्टार्टर मारताना इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या काट्याकडे पाहावे. पुष्कळ गाड्यांत तो जरा हलतो. मुळीच हलला नाही, तर संशय सेन्सरवर घ्यावा. चांगला मेकॅनिक तो लगेच बदलत नाही. केस वाळवायच्या यंत्राने त्याला मुद्दाम तापवतो आणि गाडी आपल्यासमोर बंद पाडून दाखवतो. असा मेकॅनिक भेटला तर त्याला सोडू नका.

उन्हाचाच आणखी एक जुना प्रकार होता, बरं का. प्रीमियर पद्मिनी गाडी ज्यांनी चालवली आहे त्यांना कसारा घाट आठवेल. इंजिनाच्या अंगाशी बसवलेला पेट्रोलचा पंप तापायचा, आत पेट्रोलची वाफ धरायची, आणि गाडी चढावर उभी राहायची. मग चालक खाली उतरून पंपावर ओले फडके ठेवीत आणि प्रवासी दगडावर बसून डबे उघडीत. मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर गेली. आजच्या गाडीत पंप टाकीच्या पोटात असतो आणि पेट्रोल तेथून दाबाने पुढे ढकलले जाते, त्यामुळे वाफ धरण्याचा हा रोग जवळजवळ संपला आहे. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम आले, तेव्हा बहुतेक नव्या स्कूटरी आणि मोटारसायकलींमधूनही कार्बोरेटर गेला. तरी कुणी गाडी बंद पडली म्हणाले की चहाच्या टपरीवरचे चौघे अजून "कार्बोरेटरमध्ये कचरा असेल" असाच निकाल देतात. कार्बोरेटरच नाही, तर कचरा कुठे बसणार?

तिसरी खूण जागेची. सिग्नलला येताना पाय काढला, क्लच दाबला आणि इंजिन गेले, पण मोठ्या रस्त्यावर वेगात काही त्रास नाही: मग हवा आत घेणाऱ्या झडपेवर काजळी चढली आहे का, किंवा हवेची एखादी रबरी नळी चिरली आहे का, ते पाहावे. उलट सपाटीवर ठीक, पण माळशेजच्या चढावर दम सोडते, तर फिल्टर तुंबला असेल किंवा पंप थकला असेल. सपाटीवर लागते तेवढे पेट्रोल तुंबलेल्या फिल्टरमधून मिळत असते, चढावरची मागणी त्याला पुरवता येत नाही. स्कूटर वीसपंचवीस मिनिटांनी बंद पडते आणि टाकीचे झाकण उघडताना 'फुस्' असा आवाज येतो, तर झाकणातले हवेचे बारीक भोक बुजले आहे. पेट्रोल खाली उतरते, त्याच्या जागी हवा यायला वाट नसते. एका टाचणीचे काम.

खड्ड्यांबद्दल कल्याण-शीळ रस्त्याच्या प्रवाशांना मी काय सांगावे! पण हाच खड्डा निदानाला उपयोगी पडतो. खड्ड्यात आदळताच इंजिनाबरोबर दिवे आणि काट्यांची पाटीही क्षणभर गेली, तर बॅटरीची टोके आणि अर्थिंगची तार घट्ट आहेत का ते आधी बघा. पांढरा-हिरवा क्षार धरलेली टोके साफ करायला पाच मिनिटे लागतात. नव्या दुचाकींच्या साइड स्टँडलाही स्विच असतो. स्टँड खाली असेल तर तो इंजिन चालू देत नाही. स्टँडची स्प्रिंग ढिली झाली असेल, तर खड्ड्यात स्टँड उसळते आणि इंजिन बंद. लोक इंजिन खोलून बसतात आणि दोष स्टँडच्या स्प्रिंगमध्ये असतो.

पावसाळ्यात एक भर पडते, पाण्याची. आता आपल्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते उसापासून आणि धान्यापासून होते, म्हणजे एका अर्थी आपल्याच शेतातून ते टाकीत येते. इथेनॉल थोडे पाणी स्वतःत सामावून घेते. पण पाणी मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी बसतात. पंप नेमका तळातूनच ओढतो. म्हणून टाकीचे झाकण नीट बसते की नाही हे पावसाळ्यापूर्वी पाहणे शहाणपणाचे. आणि साठलेल्या पाण्यातून जाताना इंजिन बंद पडले, तर कृपा करून पुन्हा स्टार्टर मारू नका. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि कल्याणपर्यंत वस्त्या पाण्याखाली गेल्या. पाणी ओसरल्यावर गाडी नुसती सुरू करून पाहण्याचा मोह अशा वेळी महागात पडतो. हवा दाबता येते, पाणी दाबता येत नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवले की आतला दांडा वाकतो. जे इंजिन नुसते पुसून-वाळवून चालले असते, ते नवे घ्यावे लागते.

आता एका रिक्षाची हकीगत सांगतो. डोंबिवलीत आमच्या ओळखीचे एक रिक्षाचालक आहेत. त्यांची रिक्षा गॅसवर चालते आणि अडीनडीला पेट्रोलवर. ती दिवसातून एकदोनदा बंद पडू लागली. थोडे थांबले की सुरू. प्लग बदलला, कॉइल बदलली, गॅसचा फिल्टर बदलला, गॅसचा दाब कमी करणारा रेग्युलेटरही बदलला. गॅस टाकीत हवेच्या दाबाच्या दोनशे पटीने भरलेला असतो, तेव्हा रेग्युलेटरवर संशय जाणे साहजिकच होते. रिक्षा बंद पडायची थांबली नाही. प्रवासी उतरून दुसरी रिक्षा करीत, भाडे बुडे. हप्ता मात्र महिन्याच्या महिन्याला यायचाच. त्याहून वाईट म्हणजे एका रात्री कल्याण-शीळ रस्त्यावर दुभाजकाच्या फटीतून वळताना ती आडवीच बंद पडली. समोरून कंटेनर येत होता. चालकाने वेळीच ब्रेक लावला म्हणून निभावले. त्या रात्री घरी आल्यावर ते जेवले नाहीत.

त्यांची मुलगी आठवीत आहे. शाळेत विज्ञानाच्या बाईंनी निरीक्षणाचा तक्ता करायला शिकवले होते. तिने वहीचे एक पान आखले आणि म्हणाली, "पप्पा, रिक्षा बंद पडली की लगेच यात लिहायचं. रात्री आठवून नाही लिहायचं." वेळ, जागा, गॅस की पेट्रोल, पाऊस की ऊन, रिक्षा सरळ चालली होती की वळत होती, आणि पुन्हा कशी सुरू झाली, असे रकाने. आठ दिवसांत अकरा नोंदी झाल्या. सकाळच्या होत्या, रात्रीच्या होत्या. उन्हातल्या होत्या आणि पावसातल्याही. म्हणजे ऊनपाऊस निर्दोष. गॅसवर आठ वेळा, पेट्रोलवर तीन वेळा. म्हणजे गॅसचे सामान निर्दोष, त्याच्यावरचा खर्च वाया. पण जागा वाचल्यावर मुलगी थांबली. दुभाजकाचा यू-टर्न, स्टँडवर रिक्षा फिरवताना, गल्लीत फिरवताना, पुन्हा यू-टर्न. "पप्पा, सगळीकडे तुम्ही उजवीकडेच वळताय."

दुसऱ्या दिवशी गॅरेजात रिक्षा जागच्या जागी चालू ठेवली आणि मेकॅनिकने हँडल पूर्ण उजवीकडे फिरवले. इंजिन बंद. सरळ केले, चालू केले, पुन्हा फिरवले. पुन्हा बंद. हँडलच्या मानेपाशी तारांची जुडी वाकते, तेथे एक तार आतल्या आत तुटली होती. वरचे प्लास्टिक शाबूत, म्हणून डोळ्यांना काही दिसत नव्हते. हँडल सरळ असले की तुटलेली टोके एकमेकांना टेकत, पूर्ण वळवले की सुटत. बोटभर तार आणि थोडे डाखकाम, एवढ्यावर काम भागले. तोच मेकॅनिक, तीच हत्यारे. त्याला आधी मूर्ख म्हणणे अन्यायाचे होईल. त्याच्या हाती तोवर 'अचानक' या एका शब्दाखेरीज काही आलेच नव्हते.

असा दोष सापडला नाही तर काय होते, याची एक दूरची पण खरी गोष्ट आहे. अमेरिकेतल्या जनरल मोटर्स कंपनीच्या काही गाड्यांत चावीचा स्विच फार सैल बसवलेला होता. चावीच्या जुडग्याला जड किल्ल्या असल्या, किंवा गाडी आदळली, तर चावी आपोआप मागे फिरे आणि धावती गाडी बंद होई. बंद झाली की स्टिअरिंग जड होते, आणि अपघात झालाच तर जीव वाचवणाऱ्या हवेच्या पिशव्याही उघडत नसत. गाडी चालता चालता बंद पडते, अशा तक्रारी वर्षानुवर्षे येत होत्या. जॉर्जिया राज्यातल्या एका तरुणीने २०१० साली हीच तक्रार गॅरेजात सांगितली. तेथे इंधनाचा मार्ग साफ करून गाडी परत देण्यात आली. त्यानंतर लगेचच ती त्या गाडीच्या अपघातात मरण पावली.

तिच्या आईवडिलांनी दावा लावला. त्यांच्या वकिलाने नेमलेल्या अभियंत्याने तिच्या गाडीतला स्विच घेतला, बाजारातून त्याच नंबरचा नवा स्विच आणला, आणि दोन्ही खोलून शेजारी शेजारी ठेवले. आतला एक बारीक भाग नव्यात लांब होता, म्हणून नवा स्विच घट्ट होता. कंपनीने २००६ साली सामान गुपचूप सुधारले होते. सामानाचा नंबर मात्र जुनाच ठेवला होता. त्यामुळे त्या नंबरवरून फरक कुणालाच कळण्याजोगा नव्हता. २०१४ साली कंपनीने सुमारे सव्वीस लाख गाड्या परत बोलावल्या. या स्विचमुळे १२४ माणसे दगावली, असे कंपनीच्या भरपाई निधीने मान्य केले. आपल्या चावीच्या जुडग्यात घराच्या, कपाटाच्या, दुकानाच्या किल्ल्या लटकवण्याची सवय पुष्कळांना आहे. चावीने चालणारी गाडी असेल तर तिची चावी वेगळी ठेवावी. स्विच चांगला असला तरी ते वजन त्याला वर्षानुवर्षे झिजवीत असते.

तुम्ही म्हणाल, आता गाडीला कॉम्प्युटर जोडतात, तोच सांगेल की! सांगतो, पण अर्धेच. पाटीवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला असेल, तर तपासणीच्या यंत्रात दोषाचा आकडा मिळतो. पुष्कळ गाड्यांत तर दोष झाला त्या क्षणी वेग किती होता, इंजिन किती तापले होते, हेही साठवलेले असते. म्हणून गॅरेजात नेण्यापूर्वी बॅटरी काढू नका. ती नोंद पुसली जाते. पण आकडा म्हणजे निकाल नव्हे. 'अमुक सेन्सरकडून खबर आली नाही' एवढाच त्याचा अर्थ. सेन्सर बिघडला, त्याची तार उंदराने कुरतडली, की पाणी शिरले, हे कॉम्प्युटरला दिसत नाही. ते मेकॅनिकच्या हातांनाच पाहावे लागते.

धावती गाडी बंद पडली तर त्या क्षणी काय करावे, हेही सांगितले पाहिजे. चावी काढू नका. चावी काढली की स्टिअरिंगला कुलूप बसते. स्टिअरिंग जड होईल, जोर लावून फिरवा, ते फिरते. मोटारीच्या ब्रेकला इंजिनाची जी मदत असते, ती एकदोन दाबांपुरतीच उरते. म्हणून ब्रेक पंपासारखा पुन्हा पुन्हा मारू नका, एकदाच दाबून धरा. चारी इंडिकेटर लावा आणि वेग आहे तोवर डावीकडे घ्या. मुंब्रा बायपाससारख्या रस्त्यावर रात्री बंद पडलात, तर माणसांना गाडीतून उतरवून कठड्याच्या बाहेर उभे करा. मग चावी नुसती चालू करा आणि कान द्या: पुष्कळ पेट्रोल गाड्यांत मागच्या बाकाखालून पंपाचा दोन सेकंद 'घूं' असा आवाज येतो. आला नाही, तर पंप, त्याचा रिले किंवा फ्यूज, यांतले एक गेले आहे.

शिक्षक मंडळींना वर्गात हे करून पाहता येईल. आठवी-नववीच्या मुलांना सांगा की, घरातली कुठलीही अधूनमधून बंद पडणारी वस्तू घ्या: पंपाची मोटर, मिक्सर, सायकलचा दिवा, वडिलांची स्कूटर. पान आखायचे आणि प्रत्येक वेळी जागच्या जागी लिहायचे. बिघडली तेव्हाच्या नोंदी तर हव्याच. पण बिघडली नाही तेव्हाच्याही थोड्या हव्यात. नाही तर रिक्षा उजव्या वळणावर बंद पडते हे कळेल, डाव्या वळणावर ती कधीच बंद पडली नाही हे कळणार नाही. शेवटचा रकाना 'पुन्हा सुरू कशी झाली' हा. बहुतेक जण तो रिकामा सोडतात, कारण गाडी सुरू झाली की माणूस निघण्याच्या घाईत असतो. झाकण उघडल्यावर, हँडल सरळ केल्यावर, वीस मिनिटे निवल्यावर, का बॅटरीचे टोक हलवल्यावर, एवढे चार शब्द तेथे लिहून आणले, की मेकॅनिक आधी तेच वाचतो.